मोसंबीच्या पानांच्या शिराच पिवळ्या पडताहेत. खत घालून घालून थकले

ओसरी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितलं तर तुम्ही उलटतपासणी घेणार, म्हणून एकदाच सगळं ओतते.

परसात दोन झाडं आहेत. एक कागदी लिंबू. सासूबाईंनी कधीतरी बी टाकलं आणि ते कुंपणाच्या कडेला, दगडगोट्यांच्या उंचवट्यावर आपलं आपण वाढलं. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पानांवर खैऱ्याचे डाग आहेत, अळ्या खातात, तरी वर्षभर चार लिंबं हाताला लागतातच.

दुसरी मोसंबी. पाच वर्षांपूर्वी कलम आणून लावलेली, दारासमोर, ऐसपैस जागेत. हिची वही आहे माझ्याकडे. कधी पाणी, कधी शेणखत, कधी निंबोळी पेंड, सगळं तारीखवार. दर तीन महिन्यांनी दोन घमेली कंपोस्ट बुंध्याशी, वर पालापाचोळ्याचं जाडजूड आच्छादन, रोज सकाळी एक बादली पाणी. झाडाला पूर्ण ऊन मिळतं. लावल्यापासून तिसऱ्या वर्षी पंचवीस फळं आली, चौथ्या वर्षी चाळीस. यंदा फुलांनी झाड इतकं लदलं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं. त्यातली बहुतेक गळली. जी राहिली ती सुपारीएवढी होऊन तिथेच थांबली.

आता दोन महिन्यांपासून पानं पिवळी पडताहेत. पण सगळीकडून नाही, फक्त पूर्वेकडच्या दोन मोठ्या फांद्यांची. आणि पिवळेपणा असा की मधली शीर आणि तिच्या फाट्या पिवळ्या, बाकी पान त्यामानाने हिरवं. फांद्यांच्या शेंड्यांना पानं विरळ झालीत, आरपार आभाळ दिसतं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, ‘भूक लागलीय तिला, आणखी खत घाल.’ घातलं. मागच्या महिन्यात दोनदा घातलं. काही फरक नाही. काय कमी पडतंय?

गच्चीवरचा

ओसरीताई, ही जस्ताची कमतरता वाटते. लिंबूवर्गीय झाडांना जस्त, लोह, मॅग्नेशियम सारखं लागतं आणि जमीन चुनखडीची असेल तर जस्त-लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून पानांवर फवारा. कोवळी पालवी पूर्ण उघडली की मारलेलं चांगलं लागू पडतं. माझ्या कुंडीतल्या लिंबाला दोन फवारण्यांत रंग आला.

बांधावरून

फुलं गळताहेत म्हणजे झाडाला विश्रांती मिळालेली नाही. महिनाभर पाणी तोडा, पानं थोडी मलूल झाली की मग खत आणि पाणी द्या. ताण बसला की बहार जोरात फुटतो. मोसंबी, लिंबू सगळ्यांना हेच करतात.

जुनाखुंट

बांधावरून, ताण निरोगी झाडाला देतात. हे झाड आधीच ताणात आहे. फुलांनी लदलं होतं ना? शेजारणीला दाखवण्याजोगी फुलं येणं नेहमी चांगलं लक्षण नसतं. मुळं किंवा खोड अडचणीत आलं की झाड घाईघाईने फुलतं. फुलं गळण्याचं मात्र फार मनावर घेऊ नका. निरोगी मोसंबीचीसुद्धा शंभरातली जेमतेम एक-दोन फुलं शेवटी फळ म्हणून हातात येतात.

आणि गच्चीवरचा, जस्त कमी पडलं तर उलटं दिसतं. शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधली जागा पिवळी पडते, शिवाय नवी पानं बारीक आणि अरुंद होतात. लोहाचंही तसंच, फक्त हिरव्या शिरांची जाळी आणखी बारीक, जाळीदार कापडावर काढल्यासारखी. मॅग्नेशियम गेलं तर जुन्या पानांच्या देठाशी हिरवी पाचर उरते आणि कडा पिवळ्या होतात. नत्र कमी पडलं तर जुनं पान सरसकट फिकं. ग्रीनिंग रोगात मधल्या शिरेच्या डाव्या अंगाचे डाग उजव्या अंगाशी जुळत नाहीत, दोन्हीकडे वेगळाच नकाशा.

इथे ओसरीताई सांगतात की शीरच पिवळी आणि पान हिरवं. तेही एकाच बाजूच्या फांद्यांना. हे उपाशी झाडाचं पान नाही. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांकडे जातं, ती वाट कुठेतरी बंद झालीय. साल कुरतडलेल्या किंवा तारेने आवळलेल्या फांदीची पानं अशीच होतात.

ताई, आता वही बाजूला ठेवा आणि खुरपी घ्या. पूर्वेच्या बाजूने बुंध्याजवळचं आच्छादन आणि माती हलक्या हाताने काढा आणि मला तीन गोष्टी सांगा. कलमाची गाठ, म्हणजे खालचं झाड आणि वरची मोसंबी जिथे जोडलीय ती जागा, मातीच्या वर आहे की खाली? सालीवर डिंक दिसतो का? नखाने साल खरवडली तर आत हिरवट-पांढरं दिसतं की तपकिरी?

ओसरी

आत्ताच हात धुऊन आलेय. जरा वेळाने लिहिणार होते पण राहवत नाही.

कलमाची गाठ सापडेचना. पाच वर्षांपूर्वी लावताना ती वीतभर वर होती, मला चांगलं आठवतं, कारण रोपवाटिकेतल्या माणसाने बोट ठेवून दाखवली होती. आज आच्छादन काढलं, कंपोस्टचा थर काढला, मग माती. चार बोटं खाली गेल्यावर गाठ लागली. म्हणजे वीतभर वर आणि चार बोटं खाली असा सगळा हिशोब मीच घातलाय, दोन-दोन घमेल्यांनी. वहीत तारखा आहेत!

खुरपीने साल दुखावेल म्हणून शेवटी जुन्या चमच्याने उकरलं. पश्चिमेकडची साल घट्ट आहे, तांबूस-करडी, कोरडी. पूर्वेला गेले तर चमचा आत रुतला. साल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, दाबली की पाणी सुटतं, आणि आंबूस वास. तिच्या वरच्या कडेला मधाच्या रंगाचे डिंकाचे थेंब, दोन सुकून कडक झालेले, एक अजून ओला, बोटाला तार आली. नखाने खरवडलं तर आत तपकिरी. त्याच्या बाजूला एक रेघ ओढल्यासारखी कड आहे आणि कडेपलीकडे लगेच हिरवट-पांढरं.

सुतळी गुंडाळून मोजलं. खोडाचा घेर ३१ सेंटीमीटर, त्यातली ११ सेंटीमीटर साल मेलेली.

हे बाजूला उभे होते. काही बोलले नाहीत. बरं झालं.

जुनाखुंट

हा डिंक्या, सालीचा रोग. चमच्याचं डोकं छान चालवलंत. घेराच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त साल गेलीय, पण निम्म्याच्या आत आहे. झाड वाचायला वाव आहे.

आता काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल. डिंक्या करणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा. बुरशीसारखा दिसतो, पण खऱ्या बुरश्यांच्या कुळातला नाही. त्याचे बीजाणू शेपटीवाले असतात आणि पाण्यात पोहतात. माती भिजून चिंब राहिली की ते पोहत सालीपर्यंत येतात. तुमची रोजची बादली म्हणजे त्यांचा पोहण्याचा तलाव. त्यात मोसंबीची साल ह्या बाबतीत फार नाजूक.

म्हणूनच कलम करतात, फक्त लवकर फळं यावीत म्हणून नव्हे. १८३० च्या दशकात ॲझोर्स बेटांवर संत्र्याच्या बागा ह्याच रोगाने बसल्या. पुढे ठिकठिकाणच्या बागाईतदारांनी गोड संत्रं-मोसंबी आंबट नारिंगाच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या झाडावर, बांधायला सुरुवात केली, कारण त्याचा बुंधा ह्या रोगाला दाद देत नाही. मग १९३० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत आंबट नारिंगावरच्या बागाच्या बागा वेगळ्याच रोगाने वाळल्या. मावा पसरवतो तो विषाणू, ट्रिस्टेझा. त्या शब्दाचा अर्थच उदासी. तेव्हापासून खुंट शोधण्याचा खेळ चालूच आहे. एक खुंट पाणथळ जमीन सोसतो, दुसरा चुनखडी, तिसरा थंडी.

मुद्दा असा की गाठीच्या खाली काटक झाड आहे आणि गाठीच्या वर नाजूक. गाठ मातीत गेली की नाजूक साल ओल्या मातीला टेकली. कलम करण्याचा अर्धा फायदा तिथेच गेला. आणि सासूबाईंच्या लिंबाला गाठ नाही, उंचवट्यावर आहे, पाणी साचत नाही आणि कोणी प्रेमाने माती चढवायला गेलं नाही.

करायचं ते असं. आधी बुंध्याभोवतीची माती चारही बाजूंनी काढा, पहिली जाड मुळं जिथे फुटतात तिथपर्यंत. दोन हात रुंदीचा उतार ठेवा, नाहीतर खड्डा होईल आणि पावसाचं पाणी त्यातच बसेल. खोड उघडं राहू दे, वारा लागू दे. निम्मा इलाज वाराच करतो.

मग धारदार चाकूने मेलेली साल काढा, निरोगी सालीची कड दिसेपर्यंत आणि तिच्यापुढे अगदी थोडी. आतलं लाकूड खोदू नका. रोग सालीत आहे, लाकडाने काही केलेलं नाही. प्रत्येक वेळी चाकू पुसा. खरवडलेले तुकडे वेचून जाळा, मातीत सोडू नका. एक-दोन दिवस जखम सुकू द्या आणि मग बोर्डो मलम.

१०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही प्लॅस्टिकच्या भांड्यांत, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. चुना विरताना उकळतो, तोंड लांब ठेवा. गार झाल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळा. त्यात घासून चकचकीत केलेला खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस झाक आली तर मोरचूद वरचढ आहे, आणखी चुना घाला. झाक आली नाही की मलम तयार. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशीचं निरुपयोगी. ब्रशने जखमेला आणि सगळ्या बुंध्याला दोन फूट उंचीपर्यंत लावा. पाने विरळ झाल्यामुळे खोडावर ऊन थेट पडत असेल तर त्याच्या वरच्या भागाला नुसता चुना मारा, नाहीतर साल भाजते.

खत बंद. अजिबात नाही. आहेत ती सुपारीएवढी फळं काढून टाका, जीवावर आलं तरी.

बांधावरून

जुनाखुंट, ताण देण्याचं मागे घेतो. पण पाणी तर तोडायचंच ना?

जुनाखुंट

तोडायचं नाही, जागा बदलायची. अन्न घेणारी बारीक मुळं बुंध्याशी नसतात, फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात, आणि बहुतेक वरच्या दोन फुटांत. म्हणून दोन आळी करा. आतलं आळं बुंध्यापासून हातभर अंतरावर, ते कोरडं. त्याच्या बांधाबाहेर दुसरं, फांद्यांच्या कडेपर्यंत. पाणी फक्त बाहेरच्यात. आच्छादनही तिथेच, आतलं आळं मोकळं सोडून.

किती दिवसांनी, ते वहीला विचारू नका. बाहेरच्या आळ्यात बोट पूर्ण खुपसा. ओल लागली तर पाणी नाही. माती मुठीत दाबल्यावर गोळा होतोय पण बोटाने टिचकी मारली की फुटतोय, म्हणजे वाफसा आहे, अजून एक-दोन दिवस थांबा. दिलं की मात्र भरपूर द्या. रोजच्या बादलीने वरची दोन बोटं माती भिजते, आणि नेमकी तीच बुंध्याला चिकटलेली असते.

गच्चीवरचा

माझं जस्ताचं निदान चुकलं, मान्य. फोटो न बघता औषध सांगायची खोड आहे. एक विचारू का, बोर्डो हे नाव कुठून आलं? कुठल्या कंपनीचं आहे का?

जुनाखुंट

गावाचं. फ्रान्समधल्या बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक मोरचूद-चुन्याचं निळं पाणी शिंपायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. त्या वेलींना केवडा रोग लागत नाही हे मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यांनी ते छापलं. चोरांना घाबरवायचं औषध, रोगाला लागू पडलं. अजून त्याच्या तोडीचं स्वस्त काही नाही. पण तांबं मातीत साठत जातं, म्हणून उठसूट फवारू नये.

उंबरठा

मधेच घुसतोय, माफ करा. माझ्या संत्र्याला यंदा एक जोरदार फांदी फुटलीय, सरळ वर गेलेली, काटे बोटाएवढे. विशेष म्हणजे तिची पानं तीन-तीन दलांची आहेत. बाकी झाड शांत आहे. ही नवी जात झाली की काय?

जुनाखुंट

ती जात जुनीच, तुमच्या झाडाच्या पायाखालची. तीन दलांचं पान म्हणजे ट्रायफोलिएट खुंट, थंड हवेत वापरतात तो. गाठीच्या खालून फुटलीय ना? आज काढा. कात्रीने छाटलीत तर चार फुटतील. कोवळी असेल तर हाताने खाली ओढून मुळासकट उपटा. राहू दिलीत तर दोन-तीन वर्षांत वरचं संत्रं तिच्या सावलीत मरेल आणि तुम्हाला कडवट, बियांनी भरलेली छोट्या लिंबाएवढी फळं मिळतील. गाठीच्या वरून फुटलेले जोमदार सरळ फुटवे म्हणजे पाणसोट, तेही बहुतेक काढावेत. पण एखादा रिकाम्या जागेकडे झुकत असेल तर ठेवावा.

उंबरठा

गाठीच्या खालूनच आहे. आणि मी तिला काठीचा आधार दिला होता! काढतो.

ओसरी

साडेचार महिन्यांनी परत आलेय. मधे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि मला वाटत होतं झाड जातंय.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. फळं तोडायला मात्र चार दिवस लावले, एकदम हिंमत होईना. पहिले दोन महिने पानं गळतच राहिली. पूर्वेची एक फांदी शेंड्यापासून वाळत हातभर खाली आली, ती हिरव्या लाकडापर्यंत कापली आणि कापलेल्या तोंडाला मलम लावलं. डिंक मलम लावल्यानंतर एकदा आला, एका ठिकाणी, मुसळधार पावसानंतर. तिथलं बोटभर परत खरवडलं. त्यानंतर नाही.

आता रोज सकाळी बादलीऐवजी चहा घेऊन बुंध्याशी बसते आणि जखम बघते. तिच्या दोन्ही कडांनी साल आतल्या बाजूला वळून वर आलीय, ओठासारखी, गुळगुळीत, फिकट हिरवी. सुतळीने मोजलं तर उघडी जखम ११ ची साडेनऊ सेंटीमीटर झालीय. गेल्या पंधरवड्यात पश्चिमेकडे आणि चक्क पूर्वेच्या दुसऱ्या फांदीलाही पालवी फुटली. शिरा हिरव्या आहेत. मी भिंग घेऊन बघितल्या.

पालवी आली आणि लगेच नागअळीही आली. पानांवर चांदीच्या वळ्या, पानं चुरगळलेली. फवारू का? आणि लिंबावर एक वेगळीच अळी आहे, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. काडीने टोचलं तर डोक्यातून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढते आणि सडक्या लिंबासारखा भपकारा येतो. नात तिला दिवसातून दहादा टोचते.

जुनाखुंट

ओठासारखी साल आली म्हणजे झाडाने ठरवलंय. पुरती जखम मिटायला काही वर्षं जातील, आणि समजा मिटली नाही तरी कोरडी राहिली की पुरे.

नागअळी वळ्यांच्या आत, पानाच्या कातडीखाली असते. वरून फवारलेलं तिला लागत नाही. फवारायचं असेल तर पालवी बोटाच्या पेराएवढी असतानाच, लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी. आता उशीर झालाय. ती चुरगळलेली पानं तोडू मात्र नका. जेवढा भाग हिरवा आहे तेवढा अन्न करतोच, आणि सध्या ह्या झाडाला एकेक पान हवंय. मुंग्यांची रांग खोडावरून वर जाताना दिसली तर ती आधी थांबवा. मुंग्या मावा आणि पिठ्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्या गोड चिकट्यावर पुढे काजळी धरते.

लिंबावरची ती शिंगवाली अळी मोठ्या झाडाचं काही वाकडं करत नाही. पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं तिचं. मोसंबीवर दिसली तर उचलून लिंबावर ठेवा. नातीला सांगा, रोज टोचू नको, तिचा वास संपेल.

खत पुढच्या पालवीपर्यंत नाही. मग थोडं, आणि बाहेरच्या आळ्यात.

ओसरी

नातीला सांगितलं. ती म्हणते वास कसा संपेल, संपत नाही, तिने मोजलंय. वहीचा वारसा गेला म्हणायचा.

काल आमचे हे घमेलं घेऊन निघाले होते, ‘झाड सुधारतंय, आता थोडं घालायला हरकत नाही’ म्हणत. वाटेतच अडवलं. संध्याकाळी पांढरा रंग आणून गाठीच्या खाली, मुळं फुटतात तिथे वर्तुळाकार रेघ ओढली. हे विचारतात, ही कसली? म्हटलं, पूररेषा.